डीडी फ्री डिशचा साधा संच नागपूरच्या गच्चीवर: डबा ठीक, खरं काम छत्रीचं

महिन्याचं रिचार्ज नको, सह्याद्री, बातम्या, जुने हिंदी सिनेमे आणि आकाशवाणी एवढ्यावर भागतं, अशा घराने डीडी फ्री डिशचा संच घ्यावा का? जरूर घ्यावा. दीड-दोन हजारांत एकदा काम होतं, पुढे दरमहा काहीच द्यावं लागत नाही. पण सीताबर्डीच्या दुकानात काउंटरवर गिऱ्हाईक ज्या डब्याकडे (सेट-टॉप बॉक्सकडे) बघून भाव करतं, तो या संचातला सगळ्यात कमी त्रास देणारा भाग आहे. डब्याला दहापैकी सात गुण. त्याच खोक्यातल्या केबलला, पिनांना आणि भिंतीत ठोकायच्या बोल्टांना तीन. चित्र फुटतं, अडकतं, पावसात जातं, त्यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ गच्चीवर असतं आणि बदलला जातो मात्र डबा.

बाजारात मिळणाऱ्या साध्या संचात ६० सेंटीमीटरची ऑफसेट छत्री, एक एलएनबी (छत्रीपुढच्या दांडीवर बसणारा, सिग्नल पकडणारा छोटा भाग), दहा-पंधरा मीटर केबल, एफ कनेक्टरच्या दोन पिना, एमपीईजी-४ डबा, १२ व्होल्टचा अडॅप्टर, रिमोट आणि लाल-पांढऱ्या-पिवळ्या टोकांची एव्ही वायर असते. एचडीएमआय वायर बहुतेक वेळा वेगळी घ्यावी लागते. एमपीईजी-२ आणि एमपीईजी-४ या चित्र दाबून पाठवायच्या जुन्या आणि नव्या पद्धती. नुसता एमपीईजी-२ चा डबा थोडा स्वस्त पडतो, पण तो घेऊ नका. एमपीईजी-४ चा डबा जुन्या आणि नव्या दोन्ही पद्धतींचे चॅनल उघडतो, एमपीईजी-२ वाला नवे उघडतच नाही.

ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. आज ती जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरू इथून एरियन-५ रॉकेटने तो सोडला आणि विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्वेला उभा केला. नागपूरच्या गच्चीपासून तो सुमारे ३६,५०० किलोमीटर लांब आहे. इतक्या लांबून आलेला सिग्नल इतका क्षीण असतो की छत्री, एलएनबी आणि केबल या तिघांपैकी एकानेही थोडा खाल्ला की उरत काही नाही.

छत्री फक्त गोळा करते. तिच्यावर पडलेल्या लहरी पुढच्या दांडीवरच्या एलएनबीच्या तोंडात एकवटतात. फ्री डिशच्या एका ट्रान्सपाँडरची (उपग्रहावरच्या प्रक्षेपकाची) वारंवारता ११०९० मेगाहर्ट्झ आहे, म्हणजे लहर जेमतेम २.७ सेंटीमीटरची. एवढ्या लहान लहरीला छत्रीवरचा पोचाही जाणवतो. वाहतुकीत काठ वाकला असेल, तर ती छत्री दुकानातच परत करा. तपासायची रीत सोपी आहे: काठावर समोरासमोर दोन दोरे ताणून बांधायचे, मध्ये ते एकमेकांना जेमतेम टेकले पाहिजेत. एक दोरा दुसऱ्यापासून चार-पाच मिलीमीटर वर राहिला किंवा त्याला दाबू लागला, तर छत्री पिळलेली आहे.

एलएनबीचं काम मात्र नीट समजून घ्यावं. ११०९० मेगाहर्ट्झचा सिग्नल साध्या केबलमधून काही मीटरसुद्धा जाणार नाही. म्हणून एलएनबी आधी तो वाढवतो, मग स्वतःच्या ऑसिलेटरने तयार केलेल्या ९७५० मेगाहर्ट्झच्या लहरीशी मिसळतो आणि फरक खाली पाठवतो: ११०९० वजा ९७५०, म्हणजे १३४०. केबलमधून डब्यापर्यंत हे १३४० मेगाहर्ट्झ येतं. डब्याच्या मेनूत एलएनबीची वारंवारता ९७५०/१०६०० अशी निवडायची असते ती याचसाठी. तिथे चुकीचा आकडा निवडला, तर छत्री अगदी बरोबर लागलेली असूनही डबा भलत्याच जागी शोधत बसतो आणि एकही चॅनल सापडत नाही. हे सगळं करायला एलएनबीला लागणारी वीजही डबाच त्याच केबलमधून वर पाठवतो. १३ व्होल्ट दिले की एलएनबी उभ्या ध्रुवणाचा (म्हणजे उभ्या दिशेत कंप पावणाऱ्या लहरीचा) सिग्नल घेतो, १८ दिले की आडव्याचा. वारंवारतांच्या वरच्या पट्ट्यासाठी डबा २२ किलोहर्ट्झचा टोन सोडतो. फ्री डिशला उभं ध्रुवण आणि खालचा पट्टा लागतो, त्यामुळे १३ व्होल्ट आणि टोन बंद, इतकंच पुरतं.

आता नागपूरचं गणित. शहरातून जीसॅट-१५ ची दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजली तर साधारण १४४ अंश, म्हणजे आग्नेय. उमरेड इथून जवळजवळ त्याच दिशेला आहे, तेव्हा नकाशावर घरापासून उमरेडला रेघ ओढली की छत्रीचं तोंड कुठे हवं ते कळतं. उंचीचा कोन सुमारे ६० अंश. मोबाइलमधलं होकायंत्र गच्चीच्या लोखंडी रेलिंगजवळ किंवा पाण्याच्या टाकीच्या अँगलजवळ सरळ २० अंशांनी फसवतं, म्हणून दोन-तीन मीटर दूर उभं राहून दिशा ठरवा आणि समोरची एखादी इमारत खूण म्हणून धरा.

ऑफसेट छत्रीबद्दल हमखास गैरसमज होतो. आकाशात ६० अंशांवर बघणारी छत्री दिसायला मात्र उभ्या रेषेपासून साधारण ३५ अंशच मागे झुकलेली असते, कारण तिचा आकारच जवळपास २५ अंशांचा कोन धरून केलेला असतो. नवखा माणूस तिला ‘आभाळाकडे’ करायच्या नादात आणखी वर उचलतो आणि तासभर शोधत बसतो. ब्रॅकेटवरच्या पट्टीवर छापलेले अंश हा फरक धरूनच असतात, त्यांच्यावर विश्वास ठेवा. मात्र त्या पट्टीला अर्थ येतो तो पाइप तंतोतंत उभा असेल तरच. ओळंबा किंवा लेव्हल लावून पाइप दोन बाजूंनी तपासा. हे पहिलं काम. ते चुकलं तर पुढची सगळी फुकट.

मग पट्टीवर ६० ठेवून बोल्ट हलकेच आवळा, छत्री डावी-उजवी फिरवा, एकेका ठिकाणी दोन-तीन सेकंद थांबा. डब्याला सिग्नल ओळखायला तेवढा वेळ लागतोच. या छत्रीची नजर तीन अंशांच्या आसपास रुंद असते. काठ डावी-उजवीकडे एक सेंटीमीटर सरकवला की छत्री सुमारे दोन अंश फिरते, पण ६० अंशांच्या उंचीवर आकाशात तो फरक फक्त एक अंशाचा पडतो. वर-खाली तोच एक सेंटीमीटर पुरते दोन अंश खातो. म्हणून उंचीचा बोल्ट दुप्पट नाजूक हाताने फिरवायचा. सगळ्यात शेवटी एलएनबी त्याच्या पकडीत फिरवा. छत्रीच्या मागे, उमरेडकडे तोंड करून उभं राहिलं तर तो घड्याळाच्या उलट दिशेने तीसेक अंश वळलेला हवा. गणित ३३ अंश सांगतं. नेमकी जागा क्वालिटीचा आकडा दाखवतो. बहुतेक बसवणारे एलएनबी सरळ ठेवून निघून जातात. चित्र दिसतं, पण पावसाळ्यासाठी राखून ठेवायची शिल्लक तिथेच गेलेली असते.

क्वालिटीचा आकडा म्हटलं, स्ट्रेंग्थचा नाही. डब्यावर दोन पट्ट्या दिसतात आणि लोक वरची बघून खूश होतात. स्ट्रेंग्थ म्हणजे केबलमधून येणारी एकूण शक्ती, तिच्यात एलएनबीचा स्वतःचा गोंगाटही आला. छत्री रिकाम्या आभाळाकडे असली तरी ती साठ-सत्तर टक्के दाखवू शकते. क्वालिटी मात्र गोंगाटातून खरा सिग्नल किती सुटा निघतोय ते सांगते. डिजिटल चित्र हळूहळू खराब होत नाही: एका मर्यादेपर्यंत डबा चुका स्वतः दुरुस्त करतो आणि चित्र स्वच्छ दिसतं, मर्यादा ओलांडली की चौकोन फुटतात आणि लगेच पडदा काळा. म्हणून कोरड्या दिवशी ‘चित्र येतंय ना’ एवढ्यावर काम संपलं असं समजू नये. क्वालिटी आणखी वाढतच नाही इथवर छत्री हलवा, मग बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. एकच बोल्ट पूर्ण आवळला की छत्री हमखास एखादा अंश सरकते.

नागपुरात छत्रीची खरी परीक्षा मे आणि जून घेतात. आधी ४५ अंशांच्या पुढचं ऊन, मग पावसाआधीची वावटळ. खोक्यातले छोटे रावल प्लग विटेच्या कठड्यात ठोकले तर पहिल्या मोठ्या वाऱ्यात सैल होतात. बीम किंवा कॉलममध्ये १० मिलीमीटरचे अँकर फास्टनर मारा. गच्चीला वॉटरप्रूफिंग केलेलं असेल तर स्लॅबला भोक पाडूच नका. लोखंडी पाट्याच्या स्टँडवर सिमेंटचे ठोकळे ठेवून वजन द्या. नवी छत्री बसवल्यावर पहिल्या वादळानंतर क्वालिटी एकदा तपासा.

संचातल्या केबलबद्दल स्पष्टच बोलायला हवं. पांढरी, हाताला हलकी लागणारी, आत जाळी इतकी विरळ की खालची चकचकीत पन्नी आरपार दिसते, अशी केबल घरातल्या दोन मीटरच्या तुकड्याला चालेल, गच्चीवर नाही. काळी, आरजी-६ जातीची केबल घ्या. काळं आवरण ऊन सोसतं. पांढरं दोन-तीन उन्हाळ्यांत तडकतं आणि पाणी आत शिरतं. चांगल्या आरजी-६ मध्ये या वारंवारतेला २० मीटरमागे साधारण पाच डेसिबल कमी होतात. एलएनबी ते सहज भरून काढतो, पण जाळीत पाणी गेलं की हिशेबच राहत नाही. दुकानदार ‘प्युअर कॉपर’ म्हणत असेल तर मधल्या तारेला चुंबक लावा. चिकटलं तर आत पोलाद आहे, वर तांब्याचा मुलामा. सिग्नलला त्याने फरक पडत नाही, कारण इतक्या वारंवारतेला प्रवाह तारेच्या कातडीतूनच जातो. फरक पडतो तो एलएनबीला वर जाणाऱ्या विजेला. अंतर ३० मीटरच्या पुढे असेल तर अस्सल तांब्याची केबल घ्या.

पिन लावणं हे पाच मिनिटांचं काम आहे आणि सगळ्यात जास्त बिघाड याच पाच मिनिटांत पेरले जातात. बाहेरचं आवरण दीड सेंटीमीटर सोला, पण ब्लेड जाळीला लागू देऊ नका. जाळी मागे, आवरणावर उलटी पसरवा. पन्नी तशीच राहू द्या. मग पांढरा फोम टोकापासून एक सेंटीमीटर काढा. मधल्या तारेवर फोमचा पातळ पापुद्रा उरतो, तो नखाने खरवडून टाका. ब्लेडने खरवडलं तर तांब्याचा मुलामा निघतो आणि तार वर्षभरात गंजते. पिन आत ढकलून फिरवा, पांढरा फोम पिनेच्या आतल्या तळाशी बरोबर टेकला पाहिजे. मधली तार पिनेच्या काठापेक्षा दोन मिलीमीटर पुढे हवी: कमी असली तर संपर्क तुटक, जास्त असली तर डब्याचं भोक पसरतं. शेवटी पिनेत डोकावून बघा. जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला शिवत असेल, तरी डबा ‘अँटेना शॉर्ट’ दाखवेल आणि एलएनबीची वीज बंद करेल. आणि हे सगळं डब्याचा स्विच बंद करूनच.

एलएनबीकडच्या पिनेवर साधी काळी चिकटपट्टी गुंडाळण्यात अर्थ नाही. मे महिन्यात तिचा गोंद वितळून ओघळतो. स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ओढून ताणत गुंडाळा. एलएनबीच्या खाली केबलला एक झोका सोडा, म्हणजे पाणी पिनेकडे न जाता झोक्याच्या तळाशी ठिबकेल.

बिघाड शोधताना डब्यापासून सुरुवात करा, पण तिथे थांबू नका. मल्टिमीटरने गच्चीवरच्या पिनेत, मधली तार आणि बाहेरचं कडं यांच्यामध्ये व्होल्टेज मोजा. १३ च्या आसपास असेल तर डबा आणि केबल दोन्ही जिवंत, संशय एलएनबीवर. शून्य असेल तर केबल तुटली किंवा डबा वीज देत नाही. केबलशिवाय डब्याच्या भोकावर १३ येतात, पण केबल जोडताच बसतात, तर अडॅप्टर थकलाय किंवा केबल कुठेतरी शॉर्ट आहे. अडॅप्टर थकल्याची दुसरी खूण म्हणजे डबा सुरू होतो, एलएनबीला वीज द्यायच्या क्षणी बंद पडतो, पुन्हा सुरू होतो. लोक डबा फेकून देतात; १२ व्होल्ट, दीड अँपिअरचा नवा अडॅप्टर लावून बघायला हवा होता. दुपारी चित्र जातं आणि संध्याकाळी परत येतं, असं उन्हाळ्यात घडत असेल तर एलएनबी तापून त्याचा ऑसिलेटर सरकतोय किंवा आतला एखादा सोल्डरचा डाग सुटलाय. त्याचं तोंड मोकळं ठेवून मागच्या भागावर ओलं फडकं टाकलं आणि चित्र परतलं, की निदान झालं. एलएनबी बदला.

एलएनबीच्या तोंडावरचं प्लास्टिकचं झाकणही बघावं. उन्हाने ते तडकतं आणि कुंभारमाशी आत मातीचं घर बांधते. ओली माती सिग्नल गिळते. क्वालिटी पावसाळ्यात कमी आणि कोरड्या दिवसांत बरी, आणि कारण सापडत नाही, असं असेल तर आधी तिथे बघा.

मुसळधार पावसात मात्र कोणतीच ६० सेंटीमीटरची छत्री पूर्ण वाचत नाही. या वारंवारतेला पावसाचे थेंब लहर शोषतात आणि विखुरतात. लक्षात घ्यायची गोष्ट अशी की छत्री ६० अंश वर बघते, त्यामुळे तिची नजर घरापासून आग्नेयेला सुमारे तीन किलोमीटरपर्यंतच्याच पावसातून जाते. महालातल्या घराला दिघोरीकडचा ढग भोवतो, वाडीकडचा नाही. वारंवार त्रास होत असेल तर ९० सेंटीमीटरची छत्री लावा. तिचं क्षेत्रफळ सव्वादोनपट आहे. पावसावर याहून चांगला इलाज नाही, महागड्या डब्याने यात तसूभर फरक पडत नाही. विजा कडाडायला लागण्याआधीच केबल डब्यातून काढून ठेवा आणि छत्रीच्या पाइपला तांब्याच्या तारेने अर्थिंग द्या.

डब्याकडे शेवटी आलो, कारण सांगण्यासारखं कमी आहे. तो १३४० मेगाहर्ट्झमधून आकड्यांचा प्रवाह सोडवतो, चुका दुरुस्त करतो, १८८ बाइटच्या पाकिटांतून हव्या त्या चॅनलची पाकिटं वेचतो आणि चित्र उलगडतो. हे काम करणारी चिप आता बहुतेक डब्यांत चांगलीच असते. चित्र ४३ इंची टीव्हीवर मऊ, थोडं धुरकट दिसतं, तो दोष डब्याचा नाही. एका ट्रान्सपाँडरमधून सेकंदाला सुमारे ४० मेगाबिट येतात आणि ते अनेक चॅनलांना वाटून घ्यावे लागतात. क्रिकेटमध्ये हिरवळ वितळल्यासारखी दिसते ती त्यामुळेच. तरीही पिवळ्या वायरीऐवजी एचडीएमआय लावलं तर अक्षरं स्पष्ट होतात, आणि मेनूत १६:९ निवडलं तर माणसं जाडी दिसत नाहीत. रिमोट मात्र खरोखर हलके असतात. स्प्रिंग गंजते, बटणाखालचं रबर झिजतं. विकत घेतानाच दुसरा रिमोट मिळतो का ते विचारा.

अधूनमधून चॅनल गायब होतात. खाजगी चॅनलांना जागा ई-लिलावाने मिळतात, लिलावानंतर कोण कुठे बसलं ते बदलतं. त्यावर उपाय नव्याने स्कॅन: मेनूत उपग्रह निवडा, ब्लाइंड स्कॅन (वारंवारता न देता सगळे चॅनल शोधणं) लावा, पाच-दहा मिनिटं थांबा. यासाठी कुणालाही पैसे देऊ नका.

नवा टीव्ही घेणार असाल तर डब्याची गरजही तपासून बघा. उपग्रह ट्यूनर आतच असलेल्या टीव्हीसाठी भारतीय मानक ब्युरोने आयएस १८११२:२०२२ हे मानक काढलं आहे. अशा टीव्हीला केबल थेट जोडता येते.

घरात दोन टीव्ही असतील तर फ्री डिशला एक मोठी सोय आहे. सगळं एकाच ध्रुवणावर आणि एकाच पट्ट्यात असल्यामुळे एका साध्या एलएनबीवर स्प्लिटर (एका केबलच्या दोन वाटा करणारा जोड) लावून दोन डबे स्वतंत्र चालतात. स्प्लिटरवर ५-२४०० किंवा ९५०-२१५० मेगाहर्ट्झ असं छापलेलं हवं. केबल टीव्हीचा ५-१००० वाला लावला तर १३४० त्यातून नीट जातच नाही. आणि स्प्लिटरच्या निदान एका तोंडातून वीज वर गेली पाहिजे. तिथे जोडलेला डबा बंद केला तर दुसराही बंद पडेल. गच्चीवर ८३ अंश पूर्वेच्या उपग्रहाकडे लावलेली जुनी छत्री पडून असेल तर नवी घेऊ नका. तिला २५ अंश पूर्वेकडे फिरवा, सुमारे पाच अंश खाली आणा, एलएनबी १० अंशांवरून ३३ पर्यंत वळवा. एलएनबीच्या लेबलवर ९.७५ हा आकडा आहे ना, एवढं मात्र आधी वाचा.

राहिला अडथळ्याचा प्रश्न. शेजारचा कडुनिंब आज आडवा येत नाही, दोन वर्षांनी येईल. हे मोजायची एक फुकट युक्ती आहे. दर वर्षी १२ मार्चच्या आसपास सकाळी सव्वाअकराला आणि २ ऑक्टोबरच्या आसपास अकराला पाच मिनिटं कमी असताना सूर्य नागपूरहून बरोबर जीसॅट-१५ च्या मागे येतो. त्या दिवसांत काही मिनिटं चित्र जाणारच, सूर्याचा गोंगाट सिग्नलला झाकतो. छत्रीला हात लावू नका. उलट गच्चीवर जाऊन सावली बघा. एलएनबी आणि त्याची दांडी सोडून छत्रीवर दुसऱ्या कशाचीही सावली पडत असेल, तर तेच उपग्रहाच्या वाटेत आहे. मार्चमध्ये दिसलेली ती फांदी पावसाळ्याआधी छाटून घ्या.